अडलेली कथा कुठे अडते?

‘काही सुचतच नाहीये’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी म्हणते, ‘बरं, सुचलंय काय ते तरी सांगा.’ मग दहा मिनिटं अखंड बोलणं होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला नवरा, बदलापूरला घेतलेला वन बीएचके, त्याचे हप्ते, गावाहून राहायला आलेली आई, सुनेची कुचंबणा, गच्चीवरच्या टाकीवरून सोसायटीत झालेलं भांडण. सगळं आहे, फक्त कथा नाही. तेव्हा सुचण्याचा दुष्काळ वगैरे काही नसतो.

मी बदलापूरची. सीएसएमटीपर्यंतचे ६८ किलोमीटर जाऊन-येऊन नोकरी केली आणि जमेल तशा कथा लिहिल्या. लिहिता लिहिता एखादं वाक्य अडतं, ते दुखणं वेगळं. ते चहा पिऊन आलं तरी सुटतं. मी बोलतेय ते त्याच्या आधीच्या अडचणीबद्दल. कोण आहे, त्याला काय हवंय, मग काय होतं, थांबायचं कुठे, हे ठरवण्याच्या पायरीवरच माणसं महिनोन्महिने बसून राहतात. माझं मत असं, की कथा तिथे अडते ती कल्पना आटली म्हणून नव्हे. लेखकाला काहीतरी साधंसं माहीत नसतं, आणि माहीत नाही हेच त्याला कळलेलं नसतं. पुढच्या मुद्द्यांना आकडे घातलेत ते वाचायला सोपं जावं म्हणून. याच क्रमाने जा असं मुळीच नाही.

१. अडलंय कुठे ते एका ओळीत लिहा

‘कथा पुढे सरकत नाही’ ही ओळ चालणार नाही. ‘सुनेने सासूची औषधं लपवली, इथवर ठीक, पण का लपवली ते मला ठाऊक नाही’ ही ओळ चालेल. पहिल्या ओळीवर नुसतं रडता येतं, दुसरीवर काम करता येतं. पुष्कळदा ओळ लिहितानाच कळतं, की अडलेली जागा आपण समजत होतो तिथे नाहीच. आपल्याला वाटत असतं शेवट सापडत नाही, आणि मुळात दुसऱ्या प्रसंगात त्या बाईने घर का सोडलं नाही हेच ठरलेलं नसतं.

२. विषय मोठा असेल तर तो दाराबाहेर ठेवा

उल्हासनगरवर कथा लिहायची म्हटलं की फाळणी आलीच. कुणालाही मोह होईल. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेला कल्याण कॅम्प, फाळणीनंतर तिथे येऊन राहिलेले सिंधी निर्वासित, ८ ऑगस्ट १९४९ला चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते बसवलेली नव्या नगराची कोनशिला. आणि आजही रिक्षावाला पत्ता विचारताना ‘कॅम्प नंबर किती?’ म्हणतो. केवढा ऐवज! मीही वही भरून टिपणं काढली. सगळी पुस्तकातली. त्या टिपणांतून एक पात्र उठून पाणी प्यायलासुद्धा गेलं नाही.

हललं ते वेगळ्याच गोष्टीने. कॅम्प तीनमध्ये एका कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत, म्हणून मीही. त्या लहानपणी बराकीत राहिलेल्या. मला वाटलं, आता सिंध, सक्कर, आगगाडी, बोट असं काही ऐकायला मिळणार. अम्मा बोलल्या पडद्याबद्दल. बराकीच्या लांबलचक दालनात कुटुंबांच्या मधे गोणपाट नाहीतर चादर टांगलेली. आवाज अडायचा नाही. पलीकडे कुणी रडलं की अलीकडच्यांनी भांडी जरा जोरात वाजवायची; आम्ही काही ऐकलं नाही हे पलीकडे समजावं म्हणून.

ते भांडी वाजवणं मिळालं आणि माझं काम झालं. दोन कुटुंबं, मधे एक चादर. एके दिवशी पलीकडून असं काहीतरी ऐकू येतं, की भांडी वाजवणाऱ्या बाईचा हात थांबतो. काय ऐकू आलं? तिथून कथा आपल्या पायांनी चालू लागते. फाळणीचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही, ती त्या चादरीतच असते.

‘स्थलांतर’, ‘वृद्धत्व’, ‘शहरीकरण’ असले शब्द वहीच्या वरच्या बाजूला लिहून जो बसतो, त्याची वही कोरीच राहते. विषय काय होता ते नंतर समीक्षक सांगतील. तो त्यांचा प्रांत.

३. पात्राचा कामाचा दिवस माहीत करून घ्या

माझ्या यादीतला हा सगळ्यात कामाचा मुद्दा, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

आपल्या कथांमधली पात्रं नोकरी करतात म्हणजे नेमकं काय करतात? ‘तो ऑफिसातून दमून आला.’ कशाने दमला? ‘ती एका कारखान्यात कामाला होती.’ कसल्या? दिवसाचे दहा-बारा तास माणूस ज्यात घालवतो त्याबद्दल लेखकाला काडीची माहिती नसेल, तर त्या माणसाचं पुढे काय होणार हे त्याला सुचेल कसं? मग सुचतो अपघात, नाहीतर कॅन्सर, नाहीतर जुनं पत्र सापडणं.

उल्हासनगरला, विशेषतः कॅम्प पाचच्या बाजूला, जीन्सचा मोठा धंदा आहे. कटिंग एकीकडे, शिलाई दुसरीकडे, धुलाई तिसरीकडे. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं रंगीत पाणी वालधुनीत जायचं. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, हे आपण पेपरात वाचलेलं असतं. कथेला तेवढं पुरत नाही. माझ्या ओळखीतल्या एक बाई घरी धाग्यांचं काम करायच्या. मी त्यांच्याकडे जाऊन नुसती बसले.

स्कूटरवरून एक माणूस शिवलेल्या पँटींचा गठ्ठा दारात टाकून जातो. ताई जमिनीवर मांडी घालून बसतात. पँट उलटी करायची, शिवणीशिवणीवर लोंबणारे धागे बारक्या कातरीने काढायचे, सुलटी करायची, झटकायची, थप्पीवर टाकायची. खिशाच्या आतले धागे बोटांनी चाचपडून शोधायचे, कारण ते दिसत नाहीत. तासाभरात बोटांची टोकं निळी होतात. ती निळाई भाकरीला लागू नये म्हणून ताई आधी लिंबाच्या सालीने हात घासत. पैसे नगावर. संध्याकाळी तोच माणूस येतो, थप्पी मोजतो, अधूनमधून एखादी पँट उचलून उजेडात धरतो. धाग्याबरोबर कापड कापलं गेलं असेल तर त्या नगाचे पैसे तर जातातच, वर भरपाई कापली जाते.

आता पुढचं मी सांगायला नको. शाळेतून आलेली मुलगी आईला मदत म्हणून कातर हातात घेते. थप्पीत मधेच कुठेतरी एक पँट कापली जाते. आईला माहीत नाही, मुलीला माहीत आहे. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश आहे. त्यात नायिकेला दुर्धर आजार जडवायची काहीएक गरज उरत नाही.

मला विचाराल तर कथानक म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं: कामात काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर भरायचं कुणी. हे प्रत्येक धंद्यात असतं. फर्निचर बाजारातल्या पॉलिशवाल्याच्या कामात आहे, अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेल्या फिटरच्या आठवणीत आहे, स्टेशनबाहेर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंच्या उधारीच्या वहीत आहे. विचारलं की लोक सांगतात. माणसांना आपल्या कामाबद्दल बोलायला फार आवडतं, आणि घरात कुणी त्यांना ते विचारत नाही.

४. कान उघडे ठेवून प्रवास करा

विजय तेंडुलकरांना विलेपार्ल्यात एक हौशी नाटकमंडळी भेटली होती. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली. त्यांना जायच्या जागेचा रस्ता दाखवता दाखवता त्यांच्या आपापसातल्या गप्पा तेंडुलकरांच्या कानावर पडल्या. पुढे त्यातून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभं राहिलं, आणि १९६७मध्ये ते रंगमंचावर आलं. ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचा अर्थ ‘बघा, प्रेरणा कुठेही मिळते’ एवढाच लावला जातो. मला तिच्यात दुसरंच दिसतं. तेंडुलकरांना त्या मंडळींकडून विषय मिळाला नाही, मिळाली ती रचना. खोट्या खटल्याच्या खेळात खरी बाई सापडायची, एवढा सांगाडा हाताशी आला की आत कोण काय बोलणार हे ठरवायला त्यांच्यासारख्याला किती वेळ लागणार! आराखडा अडतो तेव्हा आपल्याला बहुधा हाच सांगाडा हवा असतो: एक चौकट, काही नियम आणि नियम मोडण्याची शक्यता.

आमची लोकल अशा चौकटींनी भरलेली आहे. सकाळची बदलापूर गाडी घ्या. ती इथून सुटते, म्हणून बदलापूरकरांना वाटतं की बसायला मिळण्याचा पहिला हक्क आपला. पण अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी उलट्या दिशेने, म्हणजे डाउन गाडीने, बदलापूरला येतात आणि न उतरता तशीच परत निघतात. यालाच ‘रिटर्न’ करणं म्हणतात. गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या भरलेल्या! मग जी काही जुंपते ती महाभारतात शोभावी. दोन्ही बाजूंचं खरं असतं. अंबरनाथच्या बाईला तिच्या स्टेशनवर चढायलाच मिळत नाही, आणि बदलापूरची बाई म्हणते, आम्ही सव्वा-दीड तास लटकायचं का? ज्या भांडणात दोघींचंही खरं असतं, त्याचीच कथा होते.

लेडीज डब्यात आणखी एक करार चालतो. चढल्या चढल्या बसलेल्या बाईला विचारायचं, ‘कुठे उतरणार?’ ती म्हणते ‘ठाणे’. ‘मग तुमची मला.’ झालं, सौदा पक्का. ना पावती, ना सही. पण ठाणं आलं आणि ती उठलीच नाही तर? किंवा तिने एकच जागा दोघींना कबूल केली असेल तर? आणि त्यातली एक सात महिन्यांची गरोदर असेल, पण दुसरीचा पाय रात्रपाळीने सुजलेला असेल तर? पुढचा आराखडा तुमचा तुम्ही करा. मी यावर लिहिलेलं आहे, तरी तुम्हीही लिहू शकता. डबा सगळ्यांचा आहे.

एवढंच की कानात इअरफोन खुपसून हे मिळत नाही.

५. ‘निसर्गात फिरून या’ हा सल्ला मला लागू पडलेला नाही

कोंडेश्वरला गेले, धबधबा पाहिला, भिजून आले, सर्दी झाली. कथा होती तिथेच.

जायचं तर एखादा प्रश्न घेऊन जावं. अंबरनाथच्या शिवमंदिरात मी पुष्कळदा गेले आहे. दारावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. बाहेरच्या भिंतीवर इतकी शिल्पं की डोळा कुठे ठरत नाही. या सगळ्याने मन प्रसन्न होतं. मात्र मन प्रसन्न असणं आणि कथा सुटणं यांचा काडीइतका संबंध नाही. एकदा मी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले, कारण माझ्या कथेतली बाई मंदिराबाहेर बेल-फुलं विकणारी होती. यात्रा संपल्यावर उरलेल्या बेलाचं ती काय करते, हे मला कळत नव्हतं. घरी नेते? टाकते? कुठे टाकते? देवाला वाहायचं म्हणून आणलेलं, कचऱ्यात टाकायला तिचा हात धजतो का? तिथल्या एका मावशींना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, उरवतंय कोण? दुपारनंतर मी भावच पाडते.’ माझं पात्र त्या क्षणी बदललं. भाबडी बाई गेली, हिशेबी बाई आली. कथेला ती पुष्कळ बरी पडली.

६. घडलेली मोठी घटना म्हणजे कथा नव्हे

जुलै २०१९मध्ये मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी. एनडीआरएफच्या बोटी, नौदल, आजूबाजूच्या गावांतले लोक, सुटका, मग कल्याणहून कोल्हापूरला सोडलेली विशेष गाडी. त्यानंतर या भागात लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यावर कथा लिहायला घेतली असावी. माझ्याकडे वाचायला आलेल्या बहुतेक अर्ध्यावर सोडलेल्या होत्या, आणि ते साहजिकच होतं. त्या घटनेला आरंभ, मध्य, शेवट सगळं आधीच होतं. लेखकाला करायला उरलं काय? पाणी चढतं, माणसं घाबरतात, बोट येते, माणसं सुटतात. हे बातमीदाराने जास्त चांगलं सांगितलेलं आहे.

अशा वेळी घटनेकडे पाठ करून विचारावं, की या गाडीत असायला नको होतं असं कोण होतं? समजा, एक गृहस्थ घरी ‘नाशिकला चाललोय’ सांगून कोल्हापूरच्या गाडीत बसलेत. बोट आली ही त्यांच्यासाठी आनंदाची गोष्ट, पण सुटका झालेल्यांची नावं कुणी वहीत लिहून घेतंय आणि टीव्हीचा कॅमेरा वळतोय, ही नव्हे. आता पूर मागे सरला आणि माणूस पुढे आला.

७. सांगणारा बदलून पाहा

माडगूळकरांसमोर ‘गीतरामायण’ लिहिताना कथानकाचा प्रश्न नव्हताच. रामकथा लहान मुलालाही पाठ. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत, असं वर्षभर चाललं. सगळी मिळून ५६ गीतं. इतका काळ, एवढी ठाऊक गोष्ट, आणि तरी ऐकणाऱ्याला पुढच्या आठवड्याची ओढ. याचं एक कारण सुधीर फडक्यांच्या चाली, हे उघडच आहे. पण लिहिणाऱ्याने शिकण्यासारखं दुसरंही कारण आहे. बहुतेक खेपेला बोलणारा बदलतो. कधी कौसल्या, कधी दशरथ, कधी नाव वल्हवणारे, कधी शबरी, कधी कुंभकर्णसुद्धा. प्रसंग तोच, पण कुणाच्या तोंडून ऐकायचा हे ठरलं की त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते आपोआप ठरतं.

अडलेला आराखडा घ्या आणि त्यातल्या सर्वांत बिनमहत्त्वाच्या माणसाला तो सांगू द्या. नवरा-बायकोच्या घटस्फोटाची गोष्ट सोसायटीच्या वॉचमनला किती दिसेल? रात्री उशिरा रिक्षातून कोण उतरलं, कुणाचं पार्सल परत गेलं, गाडी कुणी विकली. तेवढंच दिसेल आणि तेवढं पुरतं.

८. गोष्ट तोंडी सांगा, पण लेखकाला नव्हे

लेखक मित्र ऐकतात आणि ‘छान आहे, पण थोडं काफ्काच्या वळणाचं करता येईल’ असं काहीतरी म्हणतात. माझ्या जाऊबाई ऐकतात आणि विचारतात, ‘त्याला पगार किती?’ नाहीतर, ‘मग तिने आईला फोन का नाही केला? मी तर आधी आईलाच केला असता.’ मी निरुत्तर! फोन का केला नाही हे मला कुठे माहीत होतं? दोन दिवसांनी सापडलं: आईकडून घेतलेले पैसे तिने परत केलेले नव्हते. आख्खी कथा त्या उसनवारीवर उभी राहिली.

जाऊबाई माझ्या कथा वाचत नाहीत. छापून आल्या तरी नाही.

९. आराखडा करण्याची लाज बाळगू नका

ही लाज आपल्या मराठीत खास मुरलेली आहे. ना. सी. फडक्यांनी कथा-कादंबरीचं तंत्र शिकवायला ‘प्रतिभासाधन’ लिहिलं, त्यावर एका पिढीने कथा बेतल्या. पुढच्या पिढीने, म्हणजे नवकथावाल्यांनी, त्या बेतीव गोष्टींचा कंटाळा येऊन रचना मोडली. तेही गरजेचं होतं. पण त्यानंतर एक समजूत मागे राहिली, की खरा लेखक आराखडा करत नाही, त्याला कथा ‘होते’. तेव्हापासून लोक कागदासमोर बसून ती होण्याची वाट बघतायत.

आमच्याच लाइनीवर, डोंबिवलीत, पु. भा. भावे राहत आणि शं. ना. नवरेही राहत. कुणी कसं बसून लिहिलं यात शिरत नाही, पण दोघांच्या कथा हातात घेऊन मागून पुढे वाचा. शेवटापासून एकेक प्रसंग उलटा मोजत या. कुठला प्रसंग कशासाठी आधी आणून ठेवलाय ते दिसायला लागतं. माझा तो आवडता अभ्यास आहे. तिकडे अगाथा ख्रिस्तीच्या वह्या उपलब्ध आहेत, सत्तरच्या वर. त्यांत तिने एकाच प्रसंगाचे पर्याय अ, ब, क करून मांडलेले दिसतात; खून कुणी केला हेसुद्धा कधीकधी तिचं ठरलेलं नसायचं. आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एवढा पसारा काही प्रतिभेच्या झटक्याची वाट बघत उभा राहिला नसणार.

वहीचं पान घ्या, ‘असं झालं तर’ म्हणून चार फाटे काढा. पहिला फाटा जवळजवळ नेहमीच सिनेमातला असतो. तो खोडा. चौथ्यापर्यंत जायचा कंटाळा येतो, पण खरी गोष्ट बहुधा तिसऱ्या-चौथ्यात असते.

१०. शेवट ठाऊक नसला तरी चालतं

शेवटाच्या अलीकडची पायरी ठाऊक असली की पुरे.

११. काही कथा सोडून द्याव्यात

सगळं करून झालं, लोकांना विचारून झालं, सांगणारा बदलून झाला, तरी ती बाई उंबऱ्यातून हलत नाही असं होतं. मग वही मिटावी. राम गणेश गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं, ते त्यांच्या अकाली मृत्यूमुळे; आपल्यामागे तेवढं थोर कारण नसतं. आपली कथा अपुरी राहते कारण ती आपली नसते. दुसऱ्या कुणाची वाचून आवडलेली असते, किंवा तिच्यात आपल्याला माहीत करून घ्यावंसं काहीच नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. या कथेसाठी उद्या सकाळी उठून कुणाला तरी जाऊन एखादा प्रश्न विचारायची इच्छा होते का? होत नसेल तर ती दुसऱ्याला देऊन टाका. मी दोन-तीन दिल्या आहेत, त्यातली एक माझ्यापेक्षा बरी लिहिली गेली. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

१२. तारखेचा धाक

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी कथाकाराचं वर्ष दिवाळीवर चालतं. कितीही नाकं मुरडा, आपल्याकडच्या असंख्य कथा त्या एका तारखेच्या भीतीने पुऱ्या झालेल्या आहेत. नवीन लिहिणाऱ्यांनी संपादकाच्या फोनची वाट बघू नये. तो येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला आपणच अंकाचा पत्ता शोधून विचारावं, शब्दमर्यादा आणि मुदत लिहून घ्यावी, आणि कथा पाठवावी. बहुतेक संपादक मुदतीनंतरही थोडे दिवस थांबतात. त्यानंतर अंक छापायला जातो आणि कुणी कुणासाठी थांबत नाही.